बावीस मिनिटांचं फ्लॉरेन्स

फ्लॉरेन्सला मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथे एकूण बावीस मिनिटं होते. त्यातली चौदा बायकांच्या टॉयलेटच्या रांगेत गेली. उरलेल्या आठ मिनिटांवर मी फ्रीमाँटमध्ये अकरा वर्षं काढली.

झालं असं, की नणंदेच्या आग्रहाखातर आम्ही नवराबायको कॅलिफोर्नियातून उडून नागपूरच्या एका टूरमध्ये सामील झालो होतो. अकरा दिवस, सात देश, एक बस. मुहूर्त टळत आला की गुरुजी मंगलाष्टकं उरकतात, तसा आमचा टूर मॅनेजर हातात माईक घेऊन युरोप उरकत होता. फ्लॉरेन्सच्या पुढे दीड तासावर वरण-भात, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड असं जेवण ठरलेलं. जेवण गार झालं असतं तर बेचाळीस माणसांनी त्या मॅनेजरला जिवंत सोडलं नसतं. म्हणून बस शहरात गेलीच नाही. नदीपलीकडच्या टेकडीवर थांबली. खाली लाल छपरं, पूल, मधोमध तो मोठा घुमट. टेकडीवरच्या चौकात, पार्किंगच्या मधोमध, खांद्यावर गोफण टाकलेल्या त्या जगप्रसिद्ध नागड्या तरुणाचा ब्राँझचा पुतळा. हिरवा पडलेला. मी त्याच्यासमोर फोटो काढून घेतला. तो पुतळा नक्कल आहे आणि खरा संगमरवरी गोफणवाला खाली संग्रहालयात आहे, हे मला फ्रीमाँटला आल्यावर कळलं. तोपर्यंत फोटो सगळ्यांना पाठवून झाला होता. आमचे दिलीपराव बसमधून उतरलेच नव्हते, ते झोपले होते.

परतल्यावरच्या पहिल्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ घेऊन यायच्या जेवणाला, मी फक्त एवढंच सांगितलं, की शहर सुंदर आहे. दुसऱ्या पॉटलकला पुलावरच्या एका सोनाराने मला आत बोलावून बांगडी घालून बघायला लावली. तिसऱ्या पॉटलकपर्यंत संग्रहालयाचा गार्ड आला. त्याने रांगेतल्या शंभर माणसांतून मला एकटीला हेरलं आणि मागच्या दाराने थेट आत नेलं, विदाउट तिकीट. त्याला मिश्या मी चौथ्या वेळी दिल्या. लोक पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे आणि मला नाही म्हणता येत नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी तर त्याच्या मिश्यांना तेलाचा वास येतो, हे मलाच आठवायला लागलं.

फ्रीमाँट

शैला माझी शेजारीण. आमच्या दोन टाउनहाउसमध्ये एक भिंत सामायिक आहे आणि त्या भिंतीतून तिच्या फोडणीचा वास आमच्याकडे, आणि माझा आवाज तिच्याकडे, असा बावीस वर्षांचा व्यवहार आहे. लग्नाआधी ती सांगलीला शाळेत चित्रकला शिकवायची. इथे येऊन एका डेंटिस्टच्या रिसेप्शनवर सगळी नोकरी झाली. मी दहा वाक्यं बोलते तेव्हा ती एक बोलते, आणि लोकांच्या लक्षात तिचं राहतं.

शैलाला फ्लॉरेन्समध्ये एकच गोष्ट बघायची होती. गोफणवाल्याकडे जाणाऱ्या दालनात त्याच शिल्पकाराचे चार अर्धवट पुतळे आहेत. माणसं दगडातून अर्धी बाहेर आलेली आणि अर्धी आतच राहिलेली. सांगलीच्या शाळेतल्या एका जुन्या पुस्तकात त्यातल्या एकाचं काळं पडलेलं चित्र होतं. बाकीचं शहर राहिलं तरी चालेल म्हणायची, ते चार बघायचेत. मला एकदा तिने विचारलंही होतं, तुला कसे वाटले ते. असे काही पुतळे आहेत हेच मला ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, मी गेले तेव्हा तिथे काम चालू होतं. शैलाला वाटलं दुरुस्तीचं.

गेल्या वसंतात योग जुळून आला. तिच्या पुतण्याचं पुण्यात लग्न, मला नागपूरला जायचंच होतं, आणि वाटेत दोन दिवस फ्लॉरेन्सला थांबता येत होतं. घाईचं कारण तिचे गुडघे. परत आल्यावर दोन्ही बदलायचे ठरले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, की तोवर सलग वीस मिनिटांच्या वर उभं राहायचं नाही. ऑपरेशननंतर कधी, कसं, कुणी सांगावं. म्हणजे जे काही बघायचं ते ह्याच दोन दिवसांत.

प्लॅनिंगला शैलाची मुलगी ऋता बसली. ऋता क्युपर्टिनोत नोकरी करते आणि तिच्याकडे जगातल्या प्रत्येक गोष्टीची शीट असते. आम्हा दोघींच्या अठ्ठेचाळीस तासांसाठी तिने चार रंग वापरले होते. हिरवं म्हणजे बसायला जागा आहे. लाल म्हणजे जिने. संग्रहालयाच्या ओळीवर ती थांबली.

"मावशी, ह्याची टिकेट्स आत्ताच काढायला लागतील. लास्ट मिनिट काही मिळत नाही."

शैला कढी वाढत होती. ती सहज म्हणाली, "राहू दे गं. कुंदाला मागच्या दाराने नेलं होतं. ती बोलेल त्यांच्याशी."

ऋताने माझ्याकडे बघितलं. "मावशी, आर यू शुअर?"

इथे सांगून टाकायला हवं होतं. दिलीपराव तर आपल्या वाटीतल्या कढीकडे असं एकटक बघत होते, जसं काही ती कढी आता उठून दोन शब्द बोलणार आहे. अकरा वर्षांत त्या माणसाने मला कधी तोंडघशी पाडलं नाही. त्या दिवशी पाडलं असतं तर उपकार झाले असते. मी म्हणाले, तो गार्ड आता रिटायर झाला असेल, पण पद्धत काही बदलत नसते.

ऋताने ती ओळ डिलीट केली.

त्यानंतर मी जे केलं ते परीक्षेला बसलेली पोरंही करत नाहीत. रोज तळ्याभोवती चालायला जायचे आणि फोनवर फ्लॉरेन्सचे व्हिडिओ बघायचे. तीन आठवड्यांत गल्ल्या पाठ झाल्या. कुठल्या चर्चला पायऱ्या आहेत, कुठल्या चौकात बाक आहे, कुठल्या कॉफीवाल्याकडे उभ्यानेच प्यावी लागते. मला डोळे बांधून सोडलं असतं तरी मी स्टेशनपासून घुमटापर्यंत न धडकता गेले असते. बदकं माझ्याकडे आदराने बघायला लागली. पण तिकिटांचं पान उघडलं तेव्हा सोमवारी संग्रहालय बंद आणि रविवारचं, मंगळवारचं सगळं संपलेलं. आणि आम्ही तिथे रविवारी दुपारी पोचून मंगळवारी संध्याकाळी निघणार होतो.

दिलीपराव म्हणाले, विमानात सांग, अकरा तास आहेत. विमानात शैला झोपली. तशी ती पहिले दोन तास जागी होती.

रविवार

फ्लॉरेन्समध्ये माझे सगळ्यात जास्त हाल कशाने झाले म्हणाल, तर आश्चर्य लपवण्याने.

हॉटेलमधून निघालो, दोन अरुंद गल्ल्या ओलांडल्या, कोपरा वळलो आणि समोर ते चर्च. व्हिडिओत ते माझ्या तळहाताएवढं होतं. इथे ते गल्लीचं तोंड बंद करून उभं होतं. पांढरा, हिरवा, गुलाबी दगड, आणि एवढं मोठं की आभाळाला जागा करून द्यावी लागली असेल. माझ्या तोंडून बापरे निघून गेलं.

शैलाने विचारलं, काय झालं. मी म्हणाले, नवीन रंग दिलेला दिसतोय.

तिने मान हलवली आणि ती बाकावर बसली. बाक तिथे आहे हे मला पाठ होतं. त्या बाकावर आम्ही तासभर बसलो. समोर एक म्हातारा इटालियन आपल्या कुत्र्याला इतक्या शांतपणे, इतका वेळ काहीतरी समजावत होता, की मला वाटलं घराण्यातल्या वाटणीचं बोलणं चाललंय. आपल्याकडे देवळात गेलं की हात जोडायचे, घंटा वाजवायची, निघायचं. इथे माणसं देवळाकडे तोंड करून नुसती बसतात, आइस्क्रीम खातात, उठतात. शैला म्हणाली, हेही दर्शनच आहे.

संध्याकाळी जेवायला एका सहा टेबलांच्या खानावळीत गेलो. मालकीणबाई स्वतः वाढत होत्या. शिळा पाव, घेवडा आणि काळसर कोबी घालून एक दाट सूप मिळतं तिथे. आपल्या शिळ्या पोळीच्या कुस्कऱ्याचं हे इटलीतलं भावंड. पावात मात्र मीठ नसतं. चुकून राहिलेलं नाही, इथे घालतच नाहीत, कित्येक शतकं. शैलाने पर्समधून दाण्याच्या चटणीची डबी काढली आणि त्या अळणी पावावर पसरली. मालकीणबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्यांनी बोटाने चटणी चाखली, आत गेल्या, ऑलिव्ह तेलाची बाटली आणून न विचारता आमच्या पावावर धार धरली. मग शेजारची खुर्ची ओढून आमच्या टेबलाशी बसल्या आणि आमच्याच डबीतली निम्मी चटणी संपवली. हे मात्र अगदी जसं झालं तसं सांगते आहे.

परतताना शैला म्हणाली, उद्या सकाळी संग्रहालय. मी म्हणाले, सोमवारी बंद असतं, परवा सकाळी जाऊ. तेवढं खरं होतं, आणि खरं बोलल्याचं समाधान मी हॉटेलपर्यंत पुरवलं.

सोमवार, टेकडी

शहराचा देखावा बघायचा म्हणून शैलाने टेकडीवर जायचं ठरवलं. ऋताच्या शीटमध्ये ते हिरव्या रंगात होतं. बस थेट वर जाते, पायऱ्या नाहीत. मी पोट बिघडल्याचं सांगून बघितलं, पण सकाळी दोन केळी खाताना तिने मला बघितलं होतं.

वर सगळं तसंच. पार्किंग, आइस्क्रीमच्या गाड्या, टोप्या विकणारे, मधोमध हिरवा गोफणवाला. कठड्याशी एक बाक मिळाला. खाली नदी, पूल, आणि सकाळच्या उन्हात तापत चाललेली छपरं. अकरा वर्षांपूर्वी हे मी नीट बघितलंच नव्हतं. तेव्हा मी फोटोत पोट आत घेण्यात गुंतले होते.

तेवढ्यात एक मोठी बस येऊन थांबली. दार उघडायच्या आधीच आतून मराठी आली. "वीस मिनिटं हं मंडळी. वॉशरूम उजवीकडे. जेवण पावणेदोनला, आज कढी-खिचडी आहे, उशीर करायचा नाही." चाळीसेक माणसं उतरली आणि त्यातल्या सगळ्या बायका उजवीकडे धावल्या. मी ती रांग ओळखली. ती अजून तिथेच होती असं म्हटलं तरी चालेल.

शैलाला हसू आलं. बिचाऱ्यांना फ्लॉरेन्स म्हणजे एवढंच, असं ती म्हणाली. मी कठड्याचा दगड नखाने खरवडत बसले.

एक बाई रांग सोडून आमच्याकडे आल्या. पंजाबी ड्रेस, पांढरे स्नीकर्स, डोक्यावर टूरची पिवळी टोपी, हातात वेफर्सची पुडी. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. कोथरूडच्या होत्या. विचारू लागल्या, आतलं शहर बघितलंत का हो, आम्हाला म्हणे नेणार नाहीत, तो खरा पुतळा खाली आहे म्हणतात, कसा आहे?

"मी उद्या बघणार आहे," शैला म्हणाली. "पण ही आमची कुंदा बघून आलीये. हिला विचारा. फार छान सांगते."

बाई माझ्याकडे वळल्या. माझ्याकडे चाळीस मिनिटांचा माल तयार होता. मागचं दार, गार्ड, मिश्या, तेलाचा वास. तोंड उघडलंसुद्धा. आणि मला दिसलं, की सगळं शहर खाली उन्हात पसरलेलं आहे आणि ह्या बाई त्याच्याकडे पाठ करून माझ्याकडे बघतायत. त्यांच्याकडे फार तर बारा मिनिटं उरली होती.

"मी आत गेलेली नाही," मी म्हणाले. "अकरा वर्षांपूर्वी तुमच्यासारखीच इथे आले आणि इथूनच परत गेले. तुम्ही तिकडे बघा. वेळ कमी आहे."

त्या बरं म्हणाल्या, वळल्या आणि कठड्याला टेकून बघत राहिल्या. वेफर्सची पुडी तशीच हातात राहिली. शिट्टी वाजली तेव्हा त्या सगळ्यांत शेवटी बसमध्ये चढल्या.

बस गेल्यावर चौक एकदम रिकामा वाटला. शैला घुमटाकडेच बघत होती.

"गार्ड?" तिने विचारलं.

"नव्हता."

"तिकिटं?"

"नाहीत. मी नंतर बघितली होती, संपलेली होती."

तिने चष्मा काढून पदराने पुसला. तो पुसायची काही गरज नव्हती.

"तू सांगतेस त्यातलं सगळं काही मी खरं धरत नव्हते," ती म्हणाली. "बांगडी वगैरे मी कधीच सोडून दिली होती. पण तू आत गेली होतीस, एवढं धरलं होतं. त्याच्यावर मी ऋताला नको म्हटलं."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. रागावलेल्या माणसाला हसवता येतं, आणि त्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण ती नुसती हिशेब लावल्यासारखी बोलली आणि थांबली. मी सांगितलं, की आधी तिकीट न काढलेल्या लोकांची एक वेगळी रांग असते, तिकीट आत गेल्यावर मिळतं, पण ती दोन-दोन, तीन-तीन तासांची. ती म्हणाली, मला वीस मिनिटं उभं राहता येतं. खाली येताना बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी होती. मी मागे बसले.

मंगळवार

पहाटे साडेपाचला उठले. शैला भिंतीकडे तोंड करून झोपली होती, किंवा झोपलीये असं मला समजायला सांगत होती. चिठ्ठी लिहून ठेवली: रांगेत उभी आहे. दार सव्वाआठला उघडतं. तुला उभं राहावं लागणार नाही.

संग्रहालयापाशी पोचले तर माझ्या आधी सहा जण. त्यातला पहिला तर पुतळा कोरला जात होता तेव्हापासूनच उभा असावा, अशा दाढीचा. माझ्या पुढे एक कोरियन जोडपं होतं. त्यांनी मला बिस्किटं दिली, मी त्यांना चिवडा दिला, आणि तो तिखट लागून त्या मुलाच्या डोळ्यांतून जे पाणी आलं त्यात आर्नो नदीची पातळी बोटभर वाढली असेल. आम्हाला एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, पण दोन तासांत त्या मुलीच्या सासूचा स्वभाव मला नीट समजला.

सव्वाआठला दार उघडलं. रांग सरकली आणि मी दारात आले. दाराशी एक गार्ड बाई होती, तरुण, कंटाळलेली. तिने आत चला म्हणून हात केला.

मी म्हणाले, फ्रेंड, कमिंग.

तिने विचारलं, व्हेन?

प्रश्न रास्त होता. मी बाजूला झाले, मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं. मग त्याच्या मागच्याला. पहिल्या नंबरवर इतका वेळ टिकून राहिलेलं माणूस त्या दारावर त्याआधी झालं नसेल. माझ्यापुढून शाळेची एक अख्खी सहल गेली, दोन नन गेल्या, नऊ वाजले. गार्ड बाई दर पाच मिनिटांनी माझ्याकडे बघायची आणि मी दर पाच मिनिटांनी कमिंग म्हणायचे. सव्वानऊनंतर मी ते म्हणणं बंद केलं. ती येणार नाही हे मी मनाशी ठरवायला लागले होते. गुडघ्यांमुळे नाही.

नऊ पंचवीसला कोपऱ्यावर काठी दिसली. मग शैला. ती घाई न करता आली. तिने रांगेकडे बघितलं, दाराकडे बघितलं.

"कितवी आहेस?"

"पहिली," मी म्हणाले. "तासाभरापासून."

गार्ड बाईने आम्हा दोघींकडे एकदा बघितलं आणि दोर बाजूला केला.

आतल्या लांब दालनाच्या टोकाला वरून पडणाऱ्या उजेडात गोफणवाला उभा होता, पांढरा, सतरा फुटी. सगळी माणसं फोन उंच धरून त्याच्याकडेच निघाली होती. शैला त्याच्याकडे गेलीच नाही. ती पहिल्या अर्धवट पुतळ्यापाशी थांबली. दगडातून एक गुडघा बाहेर आलेला, पोट, वर उचललेला एक हात. डोकं अजून आतच. लोक आमच्या दोन्ही अंगांनी वाहत होते आणि ती त्या गुडघ्याकडे बघत होती. मी शेजारी गप्प उभी होते. घड्याळात बघितलं, अकरा मिनिटं झाली होती. भुलीचं इंजेक्शन धरूनसुद्धा एवढी गप्प मी कधी राहिलेले नाही.

मग तिने काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने माझा दंड धरला.

"मला पलीकडे जाववणार नाही, कुंदा," ती म्हणाली. "त्याची भिंतीकडची बाजू बघून ये. आणि सांग."

मी गेले. बाजूने वाकून, मान वेडीवाकडी करून जेवढं दिसलं तेवढं बघितलं. परत आले.

"तिकडे नुसता दगड आहे," मी म्हणाले. "छिन्नीच्या बारीक रेघा आहेत, ओल्या केसांतून कंगवा फिरवल्यासारख्या. खांद्यापर्यंत येतात आणि थांबतात. पाठ कोरलेलीच नाही."

"आणखी?"

जिभेवर बरंच काही येऊन उभं राहिलं होतं.

"आणखी काही नाही."

शैलाने मान हलवली. माझ्या दंडावरचा भार तिने जरा वाढवला, नीट उभी राहिली आणि काठीने समोर दाखवत म्हणाली, "आता त्या दुसऱ्याचं बघून ये."